दोन्ही बटनं पाचवर

लोकशाहीत प्रत्येकाला आवाज असतो. फक्त स्पीकर एकच असतो.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या शाळेतही तो एकच आहे. काळा, कमरेइतका उंच आणि स्वयंपूर्ण, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच आहे, वेगळा डबा लागत नाही. मागच्या बाजूला पिना खुपसायला दोन भोकं, आणि प्रत्येक भोकाला आवाजाचं एक गोल बटन, शून्य ते दहा. भाषणांच्या वेळी माइकचं बटन दहावर असतं. (भाषण ऐकू आलं पाहिजे असा नियम आहे. ऐकलं पाहिजे असा नाही.)

यंदाच्या स्नेहसंमेलनात या दोन भोकांना दोन गिटारी लागणार होत्या. पहिली माझी, इलेक्ट्रिक. (दिव्यानी, वर्ग दहावा, हे नम्रपणे नमूद करते. नम्रपणा मी नुकताच सोडलाय, पण लिहिताना बरा दिसतो.) माझ्या गिटारीसोबत पायाने दाबायचा एक डबा येतो. तो दाबला की लाकूड कापायच्या आरामशीनवर सागाचा ओंडका चढवल्यासारखा आवाज निघतो. हे कौतुक आहे.

दुसरी गिटार माझी मैत्रीण रंजीता हिची. साधी, लाकडी, पोटाला मोठं गोल भोक असलेली. तिच्या भावाने, अंकुशने दिलेली. तिलाही पिन लागते, पण पिनेतून येणारा आवाज तब्येतीने नाजूक. दोन्ही गिटारी एकाच स्पीकरला लावल्या तर रंजीताचं बटन नऊवर आणि माझं दोनवर ठेवावं लागतं, मग दोन्ही छान ऐकू येतात. हे आम्ही दोघींनी एका दुपारी शोधून काढलं. शोध फारच सोपा असल्यामुळे नामंजूर झाला.

घाई अशी होती की रंजीताची आई, सोनीबाई, जंगलातल्या गावाहून मुद्दाम ऐकायला येणार होती. पोरगी वसतिगृहात राहून काय खाजवत बसते, हे तिला स्वतःच्या कानाने ठरवायचं होतं. निरोप स्पष्ट होता: "वाजत असन त राहू दे. नाई वाजत असन त घरी नेईन. कोंबड्या बसतीन त्याच्यावर."

शाळेने हा प्रश्न गांभीर्याने घेतला, म्हणजे समिती नेमली. आवाज समता समिती. अध्यक्ष धनराज सर (ते इतिहास शिकवतात, म्हणून स्पीकरही त्यांच्याकडेच) आणि सदस्य पालक प्रतिनिधी मुखरूभाऊ. समितीने दोन्ही गिटारी दुरून पाहिल्या आणि एकमताने ठराव केला: कोणावरही अन्याय नको, दोन्ही बटनं पाचवर.

"सर, तिची ऐकूच नाही येणार," मी म्हणाले.

"पाच म्हणजे पाच, बेटा. तुले पाच, तिले पाच."

"मला दोन द्या ना मग. मला चालते."

"तुले चालते, नियमाले नाई चालत," सर म्हणाले. "उद्या कोणी म्हणन, दिव्यानीवर अन्याय केला."

"कोण म्हणन, सर?"

"म्हणनारे असतेत," मुखरूभाऊंनी सांगितलं. तेच म्हणणारे असतात, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

मग दोन्ही गिटारी एकदम वाजवून रीतसर चाचणी झाली. व्हरांड्यात आठ मुलं उभी केली. माझी गिटार आठही जणांना ऐकू आली, रंजीताची एकालाही नाही. धनराज सरांनी फळ्यावर सरासरी काढली: प्रत्येक गिटार चार जणांना. समितीने समाधान व्यक्त केलं आणि चहा घेतला.

संमेलनाच्या दिवशी सोनीबाई सगळ्यांच्या आधी येऊन ताडपत्रीवर अगदी पुढे बसली. भाषणं झाली. माइक काढून पिना लावल्या, बटनं पाचवर आली. धानाच्या रोवण्याच्या वेळी रंजीताच्या गावच्या बाया चिखलाच्या बांधीत गातात, ती चाल आम्ही बसवली होती. चाल तिच्या गिटारीवर, सोबतीला ठेका माझ्या. प्रत्यक्षात सभेला नुसता ठेका ऐकू आला. चाल समतेत गेली.

"काय व बाई," सोनीबाईने शेजारच्या भागीरथाबाईला विचारलं, "माही पोट्टी हात त हालवून राह्यली. वाजत काऊन नाई?"

"बिघडली असन."

"मंग हे शिकून राह्यली का इथी?" सोनीबाई उठली, पदर खोचला आणि गिटार ताब्यात घ्यायला स्टेजकडे निघाली.

मी माझी पिन उपटली.

चाल ऐकू आली. एकटी, स्वच्छ, जशी आम्ही त्या दुपारी ऐकली होती. सोनीबाई पायरीवर थबकली.

"थांबा, थांबा!" धनराज सर धावत आले. "एक आवाज बंद, एक चालू! हा सरळ सरळ अन्याय होय!" त्यांनी मला पिन परत खुपसायला लावली आणि समतेचा भंग पुन्हा होऊ नये म्हणून दोन्ही बटनं शून्यावर आणली.

स्पीकर बंद पडल्यासारखा झाला. शून्य आणि शून्य, इतकी शुद्ध समता आमच्या तालुक्यात कोणी पाहिली नसेल. माझी इलेक्ट्रिक गिटार फणीचे दात खाजवल्याइतकी वाजत होती. आणि रंजीताची? ती वाजतच राहिली. लाकडी गिटारीला विजेचं काही पडलेलं नसतं, ही बाब समितीच्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या चार रांगांना सगळं ऐकू आलं. सोनीबाई पायरीवरच बसली आणि हलकेच चालीचे शब्द म्हणू लागली.

"वाजते व, बाई," ती मागे वळून भागीरथाबाईला म्हणाली. "राहू दे इथीच."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. गिटार वसतिगृहात राहिल्याचं श्रेय समितीच्या शून्य धोरणाला देण्यात आलं. मात्र शून्यावर असताना एकच गिटार वाजली, ही विषमता गंभीर मानली गेली. त्यावर उपाय ठरला: पुढच्या वर्षीपासून लाकडी गिटारीच्या गोल भोकात कापडाचा बोळा कोंबावा. (बोळा शाळा पुरवेल.)

"रंजीताची काहीच हरकत नाई," मुखरूभाऊ म्हणाले.

"तिला विचारलं का, भाऊ?"

"तिनं हरकत घेतली असती त विचारलं असतं ना!"

तर्क बिनचूक आहे. या अख्ख्या लेखात रंजीता एक शब्दही बोललेली नाही, आणि इथपर्यंत वाचत येताना तुम्हीही काही हरकत घेतली नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. कधी रुजू होता?