जिन्यात अडकलेला फ्रिज

"तू अजून इथेच?"

दारात घरमालक मस्यू पाशेको उभे होते. फ्लावी लाशाँसच्या अंगात रात्रीचा ढगळ टी-शर्ट होता, एका हातात पीनट बटर फासलेला पाव होता आणि दुसऱ्या हातात दगड होता. ती भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधासाठी आणलेले दगड पलंगाखाली, बाथटबशेजारी, फ्रिजवर, जागा मिळेल तिथे पडलेले असत. तरीही तिच्या हातातला दगड बघून घरमालक एक पायरी मागे सरकले.

"इथेच म्हणजे? घर माझं आहे, मग मी कुठे असणार?"

"आज एक जुलै आहे, पोरी!"

"माहीत आहे. सुट्टी आहे."

"सुट्टी? अगं, तुझी एक पेटीसुद्धा बांधलेली दिसत नाही!"

"कशाला बांधू?"

मस्यू पाशेकोंनी कपाळाला हात लावला. एक जुलैला बाकीचा कॅनडा राष्ट्रीय दिन म्हणून झेंडे फडकवतो आणि आम्ही मॉन्ट्रियलवाले पलंग उचलतो. सगळ्या शहराचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात आणि सकाळी सकाळी अर्धं शहर उरलेल्या अर्ध्या शहराच्या घरात शिरायला निघतं. आपण निघाल्याशिवाय दुसरा आत येत नाही, तो आल्याशिवाय तिसऱ्याला जागा होत नाही. अशा दिवशी एकाने जरी पाय रोवले, तरी त्याच्या मागची सगळी रांग उन्हात उभी राहते.

"तूच म्हणाली होतीस," मस्यू पाशेको म्हणाले. "जानेवारीत. माझ्या दारात उभी राहून. 'एक जुलैला मी चालले, शोधा दुसरी कुणीतरी!' सगळ्या गल्लीने ऐकलं."

हे मात्र खरं होतं. ऐन जानेवारीत हीटर बंद पडला होता. मस्यू पाशेको नेहमीप्रमाणे 'शनिवारी बघू' म्हणाले होते आणि फ्लावी दोन कोट आणि टोपी घालून त्यांच्या दारात जाऊन ओरडली होती. संध्याकाळपर्यंत हीटर सुरू झाला, फ्लावीचा राग उतरला आणि ती ते सगळं विसरूनही गेली. दुसऱ्या दिवशी मस्यू पाशेकोंनी कस्टर्डच्या गोड वाट्या आणून दिल्या. तिला वाटलं समेट झाला. त्यांना वाटलं आपण निरोप दिला. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेला हा माणूस शब्दाचा पक्का होता. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या.

"मी रागात बोलले होते," फ्लावी म्हणाली. "लिहून दिलं होतं का? भाडेकरूने वेळेत लिहून कळवलं नाही, तर करार आपोआप पुढे चालू राहतो. कायदा आहे."

"कायदा! मी नवीन बाईंना मे महिन्यात घरसुद्धा दाखवलं. तू दगड फोडायला गेली होतीस तेव्हा."

"माझ्या घरात? मला न विचारता?"

"तू जाणार होतीस ना!"

"मी जाणार नाही!"

तेवढ्यात खालून ट्रकचा भोंगा वाजला.

नवीन बाई म्हणजे रोलांदबाई. शहराच्या बसवर उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आवाजाला ट्रकच्या भोंग्याची गरज नव्हती. बरोबर दोन दणकट भाचे होते. त्यांनी बघता बघता सगळा संसार फूटपाथवर मांडला आणि त्यांचा फ्रिज जिन्याला लावला. आमच्याकडे भाडेकरू आपला फ्रिज आपल्याबरोबर घेऊन फिरतो. जिने बाहेरून, लोखंडी आणि वळणाचे असतात. हे जिने ज्याने शोधले तो आयुष्यभर एकाच घरात राहिला असावा.

"थांबा!" मस्यू पाशेको वरून ओरडले. "अजून घर रिकामं नाही!"

"होईल की," एक भाचा म्हणाला. "आम्हाला तासाभरात दुसरीकडे पोहोचायचंय."

फ्रिज वर येऊ लागला. अर्ध्या वळणापर्यंत आला. तिथे त्याचा एक कोपरा कठड्यात घुसला, दुसरा भिंतीला टेकला आणि तो तिथेच बसला. भाच्यांनी रेटलं. ओढलं. देवाधर्मातल्या जेवढ्या शिव्या आमच्याकडे आहेत तेवढ्या सगळ्या दिल्या. फ्रिज वरही जाईना, खालीही येईना.

"दोर लागेल," भाचे म्हणाले आणि दोर आणायला म्हणून ट्रक घेऊन जे गेले ते गेलेच.

मागचा जिना गंजला म्हणून मस्यू पाशेकोंनी मार्चमध्ये उतरवून ठेवला होता. नवा ते कुठल्यातरी शनिवारी बसवणार होते. त्यामुळे आता वर फ्लावी आणि मस्यू पाशेको, मध्ये फ्रिज आणि खाली रोलांदबाई, अशी एकंदर परिस्थिती झाली.

"ए पोरी!" रोलांदबाईंचा आवाज फ्रिजवरून आला. "तू ती जुनी भाडेकरू ना? मग निघ बाई लवकर. माझं दूध नासेल."

"मी जुनी नाही, मीच चालू आहे! यांनी तुम्हाला खोटं सांगितलं!"

"खोटं नाही!" मस्यू पाशेको कळवळून म्हणाले. "ती जानेवारीत ओरडली होती."

"ओरडली होती?" रोलांदबाई म्हणाल्या. "बस चालवताना मी रोज ओरडायचे, उद्यापासून येणार नाही म्हणून. मला कुणी काढलं नाही! ए, ए! तो दिवा खाली ठेव! फुकट नाहीये तो!"

हे शेवटचं एका वाटसरूला होतं. एक जुलैला फूटपाथवर ठेवलेली वस्तू ज्याने उचलली त्याची, हा आमच्या शहराचा अलिखित नियम आहे. लोक त्या दिवशी मुद्दाम गाडी घेऊन फिरतात. एकजण खुर्ची घेऊन गेला. एका जोडप्याने रोलांदबाईंचा सोफा मोजायला घेतला. तेव्हा बाई हातात झाडू घेऊन सोफ्यावर जाऊन बसल्या आणि तिथून त्यांनी उरलेल्या संसाराचं रक्षण सुरू केलं.

"मादाम, तुम्ही जुन्या घरी परत जा ना," फ्लावीने बाल्कनीतून सुचवलं.

"कशी जाऊ? तिथे यांचाच मुलगा राहायला गेलाय सकाळी. ढोल घेऊन!"

फ्लावीने वळून मस्यू पाशेकोंकडे पाहिलं. मस्यू पाशेको दूर कुठेतरी चर्चच्या घुमटाकडे बघू लागले.

आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तळघरात राहणारा नेल्सन पाशेको तेहतीस वर्षांचा होता आणि ड्रम वाजवायचा. तो घराबाहेर पडावा म्हणून त्याच्या वडिलांनी बरेच नवस केले होते. रोलांदबाईंचं घर सुटलं की ते नेल्सनला मिळणार, आणि ते सुटायला बाईंना दुसरं घर हवं. फ्लावीचा जानेवारीतला राग या माणसाने सोन्यासारखा जपून ठेवला होता.

"म्हणजे तुमचा मुलगा घरातून जावा म्हणून मी जायचं?"

"तू काय, विद्यार्थिनी! तुला कुठेही जागा मिळेल. पाठीवर पिशवी टाकली की झालं."

फ्लावी संतापली आणि त्याच वेळी तिला भीतीही वाटली. एक जुलैला दुपारी या शहरात रिकामं घर शोधणं म्हणजे लग्न लागल्यावर नवरा शोधणं. गावी, रिमुस्कीला, आईने फ्लावीच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं होतं आणि आई खूश होती. सप्टेंबरमध्ये प्रबंध द्यायचा होता. पिवळ्या भिंतींच्या या दोन खोल्या, खिडकीशी लावलेलं डुगडुगतं टेबल, मागच्या बाल्कनीत जगवलेला टोमॅटो, एवढंच या जगात तिचं होतं. ते ती कुणालाही देणार नव्हती.

"पाठीवर पिशवी?" ती म्हणाली. "माझे दगड उचलून दाखवा आधी. मी हलत नाही. पोलीस आणा, कोर्ट आणा, आणायचं तर सैन्य आणा. सगळ्यांना फ्रिज ओलांडूनच यावं लागेल."

ती दाराशी खुर्ची टाकून बसली. समोर कठड्याला टेकून मस्यू पाशेको उभे राहिले. ऊन वाढलं. खाली रोलांदबाई अधूनमधून झाडू उगारत होत्या. मस्यू पाशेकोंनी सकाळपासून कॉफीवर कॉफी घेतली होती. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले.

"पोरी," अखेर ते पडेल आवाजात म्हणाले, "बाथरूम…"

"जा. पण दार पूर्ण लावू नका. कडी अडकते, मग ते आतून उघडत नाही. मी नोव्हेंबरपासून सांगतेय."

"मला सांगतेस? ते दार मी माझ्या हातांनी बसवलंय."

ते आत गेले. टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने दार हललं. मग जोरात हललं. मग ते हलायचं थांबलं.

"पोरी, दार उघड."

"मी? मी कशी उघडणार? माझा या घराशी काय संबंध? इथल्या भाडेकरू खाली सोफ्यावर बसल्यात. त्यांना सांगा."

"त्या कशा येतील! मध्ये फ्रिज आहे!"

"मग शनिवारी बघू."

आतून दारावर दोन थापा पडल्या. मग मस्यू पाशेकोंचा आवाज आला, "हा नळ ठिबकतोय."

"तेही सांगितलं होतं."

"इथे हवा नाही. खिडकी उघडत नाही."

"डिसेंबरमध्ये सांगितलं होतं."

"मुली, माझं वय काय, तू करतेस काय!"

"मी काय करतेय? पाव खातेय. आता तुम्हीच सांगा, या घरात कोण राहतं?"

"…तू."

"मोठ्याने. जिन्यापर्यंत ऐकू जाऊ दे."

"तू! तू इथली भाडेकरू आहेस! पुढच्या जुलैपर्यंत तू भाडेकरू आहेस! आता उघड ते दार!"

"ऐकलं हो मी!" खालून रोलांदबाई गरजल्या. "सगळ्या रस्त्याने ऐकलं!"

फ्लावीने पीनट बटरची सुरी फटीत घातली आणि कडी वर उचलली. मस्यू पाशेको घामाने निथळत बाहेर आले. तिने त्यांना गार पाणी दिलं. जिंकल्यावर एवढं करायला तिची हरकत नव्हती.

"आणि मग मी कोण?" खालून पुन्हा आवाज आला. या वेळी रोलांदबाईंच्या आवाजात बसचा दणका नव्हता, तो जरा बारीक होता. "मी कुठे जाऊ?"

फ्लावी बाल्कनीत गेली. सोफ्यावर, भर रस्त्यात, मांडीवर झाडू घेऊन बाई बसल्या होत्या. एक पाय लांब करून त्या गुडघा चोळत होत्या. शेजारची दुसरी खुर्चीही कुणीतरी नेली होती. फ्लावीचा राग बरोबर होता, अजूनही बरोबर होता, पण या बाईचाही तेवढाच बरोबर होता. तिला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून तिला मस्यू पाशेकोंचा आणखी राग आला.

तेवढ्यात सायकलवरून नेल्सन आला. झांज विसरली म्हणून तो परत आला होता. तो तळघरात शिरला, झांज घेऊन बाहेर आला आणि फ्रिजकडे बघत उभा राहिला.

"पप्पा, हे काय?"

"नेल्सन," फ्लावीने वरून विचारलं, "खाली तुझं आणखी काही उरलंय?"

"नाही. सगळं रिकामं केलं."

"नाही!" मस्यू पाशेको एकदम म्हणाले. पुढचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू आला होता. "तिथे माझी वाइनची पिंपं यायची आहेत! दहा वर्षं वाट बघतोय मी!"

पण रोलांदबाई उठल्या होत्या. लंगडत त्या तळघराच्या दाराशी गेल्या, आत डोकावल्या, मागच्या बाजूला छोटी बाग दिसली आणि तिथे जायला एकही पायरी चढावी लागत नाही हेही त्यांनी पाहिलं.

"जिने चढायची हौस मला कधी होती?" त्या म्हणाल्या. "मस्यू पाशेको, मी वर राहायचं ठरलं होतं, त्याच्यापेक्षा हे बरं आहे. आणि अंधारं आहे, तेव्हा भाडं कमी."

"पण माझी पिंपं!"

"मग मी इथेच सोफ्यावर राहते. रोज. तुमच्या दारासमोर."

मस्यू पाशेकोंनी रोलांदबाईंकडे पाहिलं, मग फ्लावीकडे, मग आपल्या मुलाकडे. मुलगा हातातली झांज सहज म्हणून वाजवून बघत होता. त्यांनी मान खाली घातली.

नेल्सनने मित्र बोलावले, दोर आणला, कठड्याचा एक गज काढला आणि दुपार कलता कलता फ्रिज खाली आला. तो तळघरात सरळ गेला. दूध नासलं होतं.

थोड्या वेळाने मस्यू पाशेको हातोडी घेऊन वर आले. त्यांच्या चेहऱ्यावर जखमी अभिमान होता. त्यांनी बाथरूमच्या कडीवर दोन-चार घाव घातले, दार उघडून बंद करून दाखवलं आणि म्हणाले, "हे घे. शनिवारी नाही, आज. आता बिनधास्त लाव."

ते गेल्यावर फ्लावीने टोमॅटोला पाणी घातलं, दगड जागेवर लावले आणि एकटीच हसली. तिने एका घरमालकाला, एका फ्रिजला आणि अख्ख्या एक जुलैला हरवलं होतं. मग ती रुबाबात बाथरूममध्ये गेली, घराच्या मालकिणीने लावावं तसं तिने दार घट्ट लावलं आणि तिला टक् असा आवाज ऐकू आला.

तिने कडी ओढली. ढकलली. दाराला लाथ घातली. खाली अंगणात मस्यू पाशेको आणि रोलांदबाई काहीतरी बोलत होते. एक हाक मारली असती तर दोघंही धावत आले असते. पण मग दाराबाहेर कोण उभं राहणार, काय विचारणार आणि किती सावकाश विचारणार, हे तिला लख्ख दिसलं.

"पोरी!" खालून मस्यू पाशेकोंनी विचारलं. "कसला आवाज? काही हवंय का?"

फ्लावी बाथटबच्या काठावर बसली. तिने शेजारचा एक दगड मांडीवर घेतला.

"काही नको!" ती ओरडली. "मी माझ्या घरात बसलेय!"