दोघांच्या जोडीचा राक्षस

गेल्या उन्हाळ्यात भूपालअण्णा मगदूमांनी एका राक्षसाचं दूध बंद केलं.

“सहाजणांच्या मापानं पोसलाय त्यो,” ते मला म्हणाले. “आता तुमी दोघंच उरलाय. खुराक कमी केल्याबिगर जोड बसायची न्हाई, गड्या.”

हे बोलणं त्यांच्या बियाणांच्या दुकानात, भर दुपारी चाललं होतं. मक्याचं बी न्यायला आलेली एक बाई ते ऐकत होती. ती पिशवी तशीच घडी घालून निघून गेली.

कुंडल गावात अण्णांच्या दुकानाला लागून माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून हा माणूस रोज माझ्या वाट्याला येतो. तरुणपणी अण्णा कुस्त्यांच्या मैदानात पंच होते. कुठल्या पैलवानाशी कुठला लावायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नुसता पोराचा कान आणि मान बघून सांगायचे, “ह्याला त्यो इस्लामपूरचा सोसंल, कडेगावचा न्हाई.” कुस्ती बरोबरीत सोडणं त्यांना अजिबात खपत नसे. दिवस मावळला, लोक घरी गेले, तरी हे दोघा पैलवानांच्या मागं, “निकाल द्या, मग घरला जावा.”

पुढं गुडघे गेले आणि मैदान सुटलं. अशात एका दिवाळीला त्यांचा पुण्याचा भाचा एक खेळ घेऊन आला. भाचा भाऊबीज झाल्यावर गेला, खेळ मात्र अण्णांना चिकटला.

खेळ सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. गुहेत शिरायचं की पळ काढायचा हे आपण सांगायचं, ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा सांगतो. राक्षस, भुतं, दरोडेखोर हे सगळे गोष्ट सांगणाऱ्याच्या ताब्यात. म्हणजे अण्णांच्या.

मूळ खेळात राक्षसाला ठार मारतात म्हणे. पण अण्णा पक्के जैन. “हत्या माझ्या दुकानात न्हाई,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळं आमच्याकडं राक्षसाला चितपट करायचं. दोन्ही खांदे मातीला लागले की तो उठतो, आपल्याला नमस्कार करतो आणि गपगुमान आपल्या गावी जातो. शिवाय वीरांनी दिवस मावळायच्या आत जेवायचं. एकदा माझा वीर अंधारात कोंबडी भाजायला बसला, तर अण्णांनी त्याच्या एकट्याच्या चुलीवर पाऊस पाडला.

“आवं अण्णा, बाकी सगळीकडं कोरडं हाय की.”

“वळीव हाय त्यो. आमी काय करणार?”

रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत पोत्यांवर बसून आम्ही सहाजण खेळायचो. मग एक पुण्याला कंपनीत गेला, एक फौजेत, एक घरजावई झाला. चौथ्याच्या वीराला अण्णांनी विहिरीत पाडलं म्हणून तो रुसला, तो अजून रुसलेलाच आहे. राहिलो मी आणि सलीमभाई शिंपी. माझा तलवारवाला आणि सलीमभाईंचा म्हातारा जादूगार एव्हाना खेळून खेळून चांगलेच तयार झाले होते. अण्णांनी गेलेल्या चौघांचे वीर मात्र गोष्टीतून काढले नाहीत. ते एका देवळात झोपलेत. दर रविवारी खेळ सुरू करताना आधी त्यांच्या उशाशी पाणी ठेवून यावं लागतं.

मी एक दिवस सांगून टाकलं, “अण्णा, एवढा शेवटचा राक्षस पाडतो आणि खेळ बंद करू. दोघांत काय मजा हाय?” सलीमभाईंनीही मान हलवली. त्यांचे लग्नसराईचे कपडे तुंबले होते.

अण्णांनी फासा पुसून ठेवला. मग म्हणाले, “बरं. पण शेवटची कुस्ती चटकदार झाली पायजे.”

आणि तिथून राक्षसाचे हाल सुरू झाले. आधी सराव म्हणून त्यांनी एकच धिप्पाड राक्षस आणला. सलीमभाईंच्या जादूगारानं झोपेचा मंत्र टाकला, राक्षस घोरायला लागला, मी त्याला उताणा केला. चहा यायच्या आत खलास. अण्णांनी कपाळावर हात मारला. पुढच्या वेळी त्यांनी बारा बुटके राक्षस आणले. आम्ही दोघं एकेकदा हात चालवणार, तोवर ते बारा वेळा. त्यांनी आम्हाला उसाच्या मोळीसारखं बांधून टाकलं.

“ताकद लय हाय तुमची,” अण्णा पुटपुटले, “पण दोघांचं हात चारच.”

मग त्यांनी खरं पंचाचं डोकं लावलं. झोप न येणारा एक राक्षस आणि त्याचा एक पठ्ठ्या, दोघांना दोघं. राक्षसाचं दूध बंद, बदाम निम्मे, डावा गुडघा जरा अधू. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मला हाक मारून विचारायचे, “त्याला दोन भाकरी देऊ का तीन?” सारखं त्याच्या जेवणाचंच. मी वैतागून म्हणायचो, “द्या की तीन, तुमच्या घरचं काय जातंय?”

शेवटच्या रविवारी आम्ही गुहेत शिरलो. जोड अशी बसली होती की माझा शर्ट घामानं भिजला. पठ्ठ्याची पाठ लागली. राक्षस गुडघ्यावर आला. फासा माझ्या हातात होता आणि निम्म्याच्या वर काहीही पडलं तरी राक्षस चितपट.

“थांब,” अण्णा राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. “दोघंच आलासा? बाकीची चौघं कुठं हायत?”

“झोपल्यात देवळात,” मी म्हटलं.

“मग जेवून तरी जावा. दिवस हाय अजून.” घोगरा आवाज कुठंतरी पातळ झाला. “एकट्याला घास उतरत न्हाई.”

अण्णांच्या मंडळी वारून दीड वर्ष झालं होतं. त्यांचा जेवणाचा डबा शेजारच्या पोत्यावर होता, रोजच्यासारखाच. रोज संध्याकाळी तो जवळजवळ भरलेलाच परत जातो, हे मी माझ्या गल्ल्यावर बसून बघत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

मी फासा खाली ठेवला. “माझा वीर जेवायला बसतो.”

“म्हातारा बी बसतो,” सलीमभाई म्हणाले. “पर राक्षसाला सांगा, चटणी लागंल.”

अण्णांनी डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही तिघांनी पोत्यावरच वाटून खाल्लं, आणि अण्णांनी शेवटची अर्धी भाकरी मागून घेतली.

“आणि कुस्ती?” त्यांनी बोटं पुसत विचारलं.

“बरोबरीत सोडा की, पंच.”

त्यांनी बराच वेळ फाशाकडं बघितलं.

“सोडली,” म्हणाले. “पुढच्या ऐतवारी परत लावू. तवर त्याचं दूध चालू करतो.”