मयेकर बाईंची कुर्ली

मयेकर बाई शाळेच्या व्हरांड्यात आडव्या चालतात. हातात खडूचा डबा असताना आणि समोरून सरपंच येत असतानासुद्धा. तोंड भिंतीकडे, पाठ अंगणाकडे आणि एकेक पाऊल बाजूला. मी कोल्हापूरकडून बदली होऊन रत्नागिरीजवळच्या या दोन शिक्षकांच्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे बघून मला वाटलं, बाईंची कंबर धरली असावी. अदबीने विचारलं. बाई म्हणाल्या, "कंबर मस्त हाय ओ. कुर्ली चालवतंय."

कुर्ली म्हणजे खेकडा, हे मला मागाहून कळलं. बाईंच्या टेबलावर एक चित्रांचं पुस्तक असतं. कव्हर कधीच गेलंय, कोपरे मुलांनी चघळलेत. आत एक बडबडगीत:

कुर्ली निघाली बाजारात,
चपला नाहीत मापात,
एक घालता एक सुटे,
कुर्लीबाई जाई कुठे?

पुस्तक पाच मिनिटांत वाचून होतं. बाईंनी ते वर्षभर पुरवलं. गणित म्हणजे व्हरांड्यातल्या सगळ्या चपलांची सरमिसळ करून जोड्या लावायच्या. त्यात माझी एक चप्पल दुपारपर्यंत मिळाली नाही. चित्रकला म्हणजे एकमेकांचे पाय फरशीवर खडूने गिरवायचे. परिसर अभ्यासासाठी तर खाडीतली जिवंत कुर्ली बादलीतून आली आणि ती बादली कलंडल्यावर अख्खी शाळा बाकांवर चढली. मीही चढलो. बाई तेवढ्या खाली उभ्या राहून तिला म्हणत होत्या, "ये गो बाय, घाबरू नको, पोरं हायत."

"बाई, अभ्यासक्रम मागे पडतोय," असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "सर, जरा आडवं होऊन बगा." एकदा कोणी नाही असं बघून मी खरंच आडवा होऊन बघितलं. भिंत दिसली.

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंच्या वर्गात त्या दिवशी चपलांचं दुकान लागलं होतं. साहेबांनी दाराबाहेर काढलेले बूट पोरींनी उचलून दुकानात मांडले. निघताना साहेब बूट घ्यायला गेले, तर दुकानदारीण हटेना. शेवटी साहेबांना अंगणातून शिंपल्या वेचून आणून स्वतःचे बूट सोडवावे लागले. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असं धरून मी बसलो होतो. साहेब मात्र गाडीत बसताना ते गाणं गुणगुणत होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तर यंदा बाईंच्या पहिलीत मुलं पाच, म्हणजे बरोबर एक कुर्ली. पाच जण ओळीत उभे राहायचे, एकमेकांचे हात धरायचे आणि सगळे दहा पाय एकदम बाजूला टाकायचे. हे दिसतं तितकं सोपं नाही. महिनाभर कुर्ली नुसती पडत होती. बाईंचं निवृत्तीचं वर्ष. आजूबाजूच्या शाळांच्या बालमेळाव्यात आपली कुर्ली एकदा स्टेजवर चालावी, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती. लाल कापड आणून स्वतः टोप्या शिवल्या. मासळी बाजारातसुद्धा जिला तिला आमंत्रण देऊन आल्या.

आणि मेळाव्याच्या आठवड्यात पाचांतली तन्वी गेली. वडील मुंबईला कामाला, त्यांना खोली मिळाली, आई तिला घेऊन निघून गेली. तन्वी ओळीत मधोमध असायची. "सरक!" हा हुकूम तिचा.

मी लगेच म्हटलं, "माझ्या तिसरीतली सायली देतो. हुशार आहे, दोन दिवसांत पावलं बसवेल."

"नको."

"अहो, आठ पाय म्हणजे कोळी होईल!"

"होऊंदे कोळी. जागा तन्वीची हाय."

मला राग आला. वर्षभर जिच्यासाठी जीव टाकला, ती कुर्ली ही बाई हट्टापायी लंगडी करणार. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. बाई टोप्यांची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आई गेल्यावर माका मावशीकडं खेडला ठेवलेली. वर्षानं परत आलंय, तर वर्गात माझ्या जागेवर दुसरी. कोणी बोललं पण नाय, तू हितं बस म्हणून. मग दाराशी बसायचं मी, चपलांजवळ. पुढं चौथीपर्यंत तितंच."

त्यानंतर बाईंनी सगळ्या मिळून किती कुर्ल्या बसवल्या असतील, कुणास ठाऊक. सायलीचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

मेळाव्यात आमची कुर्ली चार जणांची आली. मधल्या दोघांनी बाईंच्या रुमालाची दोन टोकं धरलेली, त्यामध्ये एका मुलीएवढी मोकळी जागा. "सरक" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून चौघंही म्हणाले, ते चार वेगवेगळ्या वेळी. लोक हसून लोळले. परीक्षकांनी विचारलं, "मध्ये कोण नाही का?" शेंडीवाली गार्गी म्हणाली, "हाय की. मुंबयला गेलीय ती." बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेला मिळालं.

मंडपामागे मुलं वडापाव खात होती. मी तन्वीच्या आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला. तन्वी एका खोलीत, गाद्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. नवा गणवेश, दोन घट्ट वेण्या. तिने फोन तोंडाजवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "बाई, माझ्या जागेवर कोण घेतलात?"

बाईंनी फोन फिरवून मुलांकडे धरला. चौघांनी हातातले वडापाव खाली ठेवले आणि कोणी न सांगता ओळीत उभे राहिले, मध्ये जागा सोडून.

फोनमधून आवाज आला, "सरक!"