एका गाण्याची कॅसेट

१९९६च्या श्रावणात वडवणीच्या 'गडगडाट' या रॉक बँडकडे पुढील सामग्री होती : दोन गिटारी, त्यांच्या मिळून अकरा तारा, एक ड्रमसेट, तीन वादक आणि चार मिनिटांचे एक नवे गाणे. अल्बम दसऱ्याआधी व्हायला हवा होता, कारण दसऱ्यानंतर ड्रमवादक अभिमन्यू ऊसतोडीला जाणार होता. आधी या एकाच गाण्याची कॅसेट काढायची आणि पाचशे खपल्या तरच अल्बम, अशी अट सिरसाळ्याचे कॅसेट-दुकानदार मन्मथअप्पा यांनी घातली.

"गाणं चार मिन्टाचं आन् कॅसेट साठची," अप्पा म्हणाले. "छप्पन मिन्टं कोरी फीत ऐकायला गिऱ्हाईक यडं हाय का?"

"आभार टाकू की," गायक वीरेश म्हणाला.

आभार आईवडिलांपासून सुरू झाले. तालमीला कर्णा दिला म्हणून मांडववाले बबनराव आले. बबनराव आले म्हणून त्यांचे व्याही रुसले. व्याह्यांना घेतले, तेव्हा त्यांची भावकी दुकानात आली. "कावून? आमी मेलतो का?" भावकी घेतली. नुसते नाव घेणे हा अपमान असल्याने प्रत्येकामागे 'युवकांचे आशास्थान' लावावे लागले. एकाच गल्लीत सात आशास्थाने निघाली.

दुसरी बाजू भरली. पहिल्या बाजूवर गाणे सोडून सगळी जागा भरली. त्याच संध्याकाळी नेकनूरचे वीस जण जीप करून आले. त्यांना चार मिनिटे लागणार होती.

"अप्पा, मग गाणं?"

"गाणं अल्बममधी येणारच हाय की. नावं तवर थांबतेल का?"

वीरेशने अभिमन्यूकडे पाहिले. "तू तरी बोल बे."

"पाचशे खपू दे आधी," अभिमन्यू म्हणाला. "न्हाईतर ड्रम इकून कोयता घ्यायचाय मला."

गाणे वगळण्यात आले. वेष्टनावर त्याचे नाव व तिघांचा फोटो कायम ठेवण्यात आला.

ज्याचे नाव होते त्याने कॅसेट घेतली, पाहुण्यांसाठीही घेतली. पाचशे प्रती आठवड्यात संपल्या. अल्बम मंजूर झाला. अप्पांनी त्यासाठी नावे घ्यायला सुरुवात केली.

पुढच्या आठवडी बाजारात, कॅसेट पूर्ण ऐकली असे सांगणाऱ्या साठ जणांना गाण्याबद्दल विचारण्यात आले. सत्तावन्न जणांना ते लई आवडले होते. तिघांच्या मते चाल उचललेली होती.