भोजन योजनेची घरगुती चाचणी

इंदूरला बड्या गणपतीजवळ राहणाऱ्या शलाकाने लग्नानंतरच्या अकरा वर्षांत सासरी एकच मागणी केली, आणि तीही तोंडी. डिसेंबरच्या सुटीत सगळ्यांनी मिळून गुजरातेतल्या 'विस्मयनगरी' या थीम पार्कला तीन दिवस जायचे ठरले होते. तिथे तिकिटाबरोबर जेवणाचेही पैसे आधीच भरून टाकण्याची एक भोजन योजना होती. ती घ्यावी, असे शलाकाचे म्हणणे होते.

"तीन दिवस 'आज काय करायचं' हा प्रश्न नको," ती म्हणाली. "बस, एवढंच."

शलाका पलासियातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. सकाळी घरातून निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी परतल्यानंतर ती काय करत असे, याची घरात कुणी नोंद ठेवलेली नव्हती.

सासरे लक्ष्मीकांतराव एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. कोणतीही गोष्ट लगेच होऊ न देणे ही विद्या त्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आली होती.

"प्रस्ताव वाईट नाही," ते म्हणाले. "पण योजना आपल्या कुटुंबाला अनुकूल आहे की नाही, याची जाँच व्हायला पाहिजे."

तीन जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य म्हणून बँकेत नोकरी करणारा त्यांचा मुलगा, म्हणजे शलाकाचा नवरा विक्रांत, आणि शेजारचे दत्तोपंत. दत्तोपंत नापतोल खात्यातून निवृत्त झाले होते आणि दुकानदारांची वजने तपासण्याची जुनी सवय त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

"मी नको का समितीत?" शलाकाने विचारले.

"तुझा हितसंबंध आहे ना बेटा," लक्ष्मीकांतरावांनी समजावले. "तुला स्वयंपाकातून सुटी मिळणार. निर्णय घ्यायला तटस्थ माणसं हवीत. ज्यांचं स्वयंपाकाशी काही देणंघेणं नाही, अशी."

ही अट तिघेही पुरेपूर पूर्ण करत होते.

समिती चार संध्याकाळी बसली. चहा आणि पोहे तिच्या कार्यकक्षेत येत नसल्याने ते आतून येत राहिले. विक्रांतने मोबाइलवरून नियम वाचून दाखवले. दर माणशी रोज एक बैठे जेवण, एक काउंटरवरचे जेवण आणि एक खाऊ. प्रत्येकाची वेळ ठरलेली. वेळ चुकली की कूपन बाद. एकाचे कूपन दुसऱ्याला चालणार नाही. तिकीट सगळ्यांचे एकत्र असेल तर योजनाही सगळ्यांनीच घ्यायची.

इथे सासूबाईंनी, म्हणजे सुहासिनीबाईंनी, हरकत घेतली. "दुसऱ्या दिवशी माझी एकादशी आहे. माझ्या नावाचं अन्न वाया गेलं, तर पाप कुणाच्या खाती?"

विक्रांतने पार्कच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती.

"सर, हमारे सिस्टम में उपवास नहीं है," ती म्हणाली. "मैं माताजी को जैन में डाल दूँ?"

सुहासिनीबाईंनी फोनवरून पंथ बदलण्यास नकार दिला. बैठक तहकूब झाली.

पाचव्या संध्याकाळी दत्तोपंत म्हणाले, "कागदावर भूक कळत नाही, भिया. माल तोलल्याशिवाय मी आजवर शिक्का मारलेला नाही. आधी चाचणी करा. घरीच. सगळे नियम जसेच्या तसे लावून तीन दिवस जेवून बघा."

सूचना सर्वांना शास्त्रशुद्ध वाटली. अडचण फक्त तारखांची होती. विक्रांतची रजा सहलीच्या तीन दिवसांसाठीच मंजूर झाली होती आणि मॅनेजर दुसरी रजा देणार नव्हता.

"तो मग चाचणी त्याच तीन दिवसांत करू," विक्रांत म्हणाला. "रजाही वाया जाणार नाही." एका दगडात दोन पक्षी मारल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होते.

"म्हणजे आपण जाणारच नाही?" शलाकाने विचारले.

"जायचं की नाही हे ठरल्याशिवाय जाणार कसं?" लक्ष्मीकांतराव म्हणाले.

ठरल्या दिवशी बैठकीची खोली उपाहारगृह झाली आणि स्वयंपाकघराचा दरवाजा काउंटर. शलाकाच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इरावतीने, वहीची पाने कापून सगळ्यांच्या नावाची कूपने केली. स्वयंपाक करणे, कूपन तपासणे, वाढणे आणि टेबल पुसणे ही चारही पदे शलाकाकडे आली. सुहासिनीबाईंनी तिच्या डोक्यावर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. "पार्कमध्ये सगळे घालतात गं. आणि हे इंदूर आहे. सफाईत कमी नको." दत्तोपंत घरून छोटा तराजू घेऊन आले आणि प्रत्येक वाटी तोलून घेऊ लागले.

पहिल्याच सकाळी पेच पडला. विक्रांतच्या खाऊची, म्हणजे नाश्त्याची, वेळ नऊ ते साडेनऊ होती. तो पेपर संपवून दहाला आला.

"कूपन बाद झालं," शलाका म्हणाली.

"अगं दे ना यार. अपन घरीच तो आहोत."

"मग चाचणी कशाची चालू आहे?"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच नियम तिच्या बाजूने होता. तिला आतून हसू फुटत होते. पण प्रकरण अध्यक्षांकडे गेले आणि पाच मिनिटांत निकाल लागला. नियम ग्राहकाच्या सोयीसाठी असतात. सबब ते ग्राहकांपुरते शिथिल करण्यात येत आहेत. कर्मचाऱ्यांसाठी मात्र कायम राहतील.

शलाकाने पोहे पुन्हा गरम केले.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी नवी त्रुटी काढली. "पार्कात गर्दी असते. चार माणसांत कसली परीक्षा? रांगेत उभं राहिल्याशिवाय खरी भूक लागत नाही."

नातेवाइकांना फोन गेले. दुपारपर्यंत अकरा जण जमले. देपालपूरहून विक्रांतचा मावसभाऊ श्रीहरी पाच जणांना गाडीत घालून आला आणि दारातूनच ओरडला, "भिया, लाइन किधर लगानी है?" शलाकाने सगळ्यांचे जेवण रांधले आणि सुहासिनीबाईंची साबुदाण्याची खिचडी वेगळी टाकली. खिचडीची नोंद खाऊ या सदरात झाली.

"आबा, झुल्यांवर कधी बसायचं?" इरावतीने विचारले.

"ही चाचणी फक्त भोजनाची आहे," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

पाहुण्यांनी वाटीवाटीची तारीफ केली. असे जेवण हॉटेलातसुद्धा मिळत नाही, असे श्रीहरी तीनदा म्हणाला. समितीने हे वाक्य योजनेच्या विरोधातला पुरावा म्हणून लिहून घेतले. शलाका जितके चांगले रांधत होती, तितकी तिची सुटी दूर जात होती. हे तिच्या संध्याकाळी लक्षात आले. पण तोवर रात्रीच्या वरणाला फोडणी देऊन झाली होती, आणि मुद्दाम वाईट रांधणे तिला जमले नाही.

बरेच पाहुणे मुक्कामाला राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला शेवटची पंगत उठली. शलाकाने टोपी खुंटीला अडकवली, हात धुतले, मांडणीवरून एक ताट घेतले आणि ती स्वयंपाकघराच्या दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभी राहिली. इरावतीने तिच्याही नावाचे कूपन केले होते. तीन दिवस ते कुणी तपासले नव्हते. ते तिने हातात धरले होते.

"काय झालं?" विक्रांतने विचारले.

"रांगेत उभी आहे."

"अगं बाई, मग घे ना वाढून," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"आपलं आपण वाढून घेणं योजनेत नाही, आई."

विक्रांतने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी दत्तोपंतांकडे पाहिले. दत्तोपंतांनी घड्याळाकडे पाहिले. सुहासिनीबाई गुडघ्यावर हात टेकून अर्ध्या उठल्या. मग काय आठवले कोण जाणे, पुन्हा खाली बसल्या. "आमच्या वेळी तो सुनेला कुणी कूपनही दिलं नव्हतं," त्या पुटपुटल्या.

शलाका वीस मिनिटे उभी होती. बारा-तेरा धडधाकट माणसे तिच्याकडे पाहत होती आणि कढईत भाजी होती. कुणीही जागचे हलले नाही. दत्तोपंतांनी वहीत लिहिले: 'दोन बत्तीस ते दोन बावन्न. काउंटरवर कर्मचारी अनुपस्थित. सेवा असमाधानकारक.'

मग तिने ताट जागेवर ठेवले, चपला घातल्या आणि रिक्षाने ती पलासियाला गेली. शाळेसमोरच्या भोजनालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तिने थाळी मागवली. वाढणाऱ्याने वाकून विचारले, "गरम फुलका लाऊँ, मैडम?"

तिने नुसती मान हलवली. त्याने ओळीने चार फुलके आणून वाढले आणि तिने चारही खाल्ले. कुणी वजन केले नाही. बाहेर वाहनांचे हॉर्न कोकलत होते, आणि तिला वाटले, यापुढे उठूच नये.

पाच वाजता ती घरी परतली. इरावती घरी होती, म्हणून. दार उघडताच विक्रांत म्हणाला, "आलीस? चहा राहिलाय सगळ्यांचा."

संध्याकाळी अहवाल वाचला गेला. कुटुंबाची भूक ठरावीक वेळांत बसत नाही, घरचे अन्न सर्वार्थाने सरस आहे, आणि घरचा कर्मचारीच जिथे काम सोडून जातो, तिथे परक्या कर्मचाऱ्यांवर तीन दिवस विसंबणे धोक्याचे आहे. सबब योजना घेऊ नये. योजनेशिवाय गेल्यास जेवणाचे हाल होतील, सबब जाऊही नये. सुटी उत्तम पार पडल्याची नोंद एकमताने झाली. शेवटच्या पानावर 'कर्मचारी' असे लिहून सहीसाठी जागा ठेवली होती. शलाकाने सही केली आणि कुकर लावला.

हा अहवाल पुढे गल्लीतल्या सहा घरांनी मागवून नेला. त्यांचे पार्क वेगळे होते, योजनाही वेगळ्या होत्या, पण तो सहाही घरांना जसाच्या तसा लागू पडला. लक्ष्मीकांतरावांकडे अजून काही प्रती शिल्लक आहेत. वाचकांपैकी कुणाला हवी असल्यास खुशाल यावे. घरच्यांना विचारत बसण्याची गरज नाही. आजवर कुणीच विचारलेले नाही. फक्त निघण्यापूर्वी, परत आल्यावर चहा किती जणांचा लागेल, तेवढे आत ओरडून सांगून या.