समता कॉलोनीच्या बारा बाटल्या

मीनलच्या नकाशात समता कॉलोनी लालभडक होती. जमिनीवरची घाण खालच्या पाण्यात कुठे लवकर झिरपेल, हे दाखवणारा रायपूरचा तो नकाशा करताना तिने दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. घरं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत होती आणि ज्याच्या त्याच्या अंगणात बोअरच्या शेजारीच संडासाची टाकी. आता बोअरच्या पाण्याची तपासणी नकाशाशी जुळली, की तिच्या ऑफिसातल्या धर्मपाल साहेबांची त्यावर सही होणार होती.

ती काही जुळेना. समता कॉलोनीच्या बाराही बाटल्यांतलं पाणी अगदी निर्मळ निघालं. अहवाल बघून मीनलचं धाबं दणाणलं. साहेबांनी नकाशाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली आणि पाणी काही खोटं बोलत नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, असं शांतपणे सांगितलं. दोन वर्षं पाण्यात जाताना बघून मीनलला रडूच यायचं बाकी होतं. मी समता कॉलोनीतच राहते, एकदा माझ्या घरचा बोअर तरी येऊन बघा, अशी गळ तिने घातली, तेव्हा साहेब कसेबसे निघाले.

बाटल्या भरायच्या दिवशी मीनल तापाने फणफणली होती. म्हणून ते काम तिने सासूबाईंवर, म्हणजे शांताबाईंवर सोपवलं होतं. कॉलोनीतल्या साऱ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

साहेब येऊन टेकले. त्यांनी बोअरचं पाणी मागितलं आणि शांताबाईंनी हसतमुखाने ट्रे पुढे केला. साहेबांनी पेला रिकामा करून पाण्याची तारीफ केली. मीनलने एक घोट घेतला मात्र, ती थबकली. हे पाणी गोड होतं; तिच्या घरच्या बोअरच्या जड पाण्यात तर साधी डाळ शिजत नसे.

"आई, हे फिल्टरचं पाणी आहे ना?"

"मग? पाहुण्याले का बोअरचं देऊ?"

"आणि त्या दिवशी बाटलीत?"

"त्यातही हेच. आपल्या घरचं पाणी सरकारात चाललं, अन् मी तसलं भरून देऊ? तुझंच नाक कापलं असतं. बाकीच्या बायांलेही मीच म्हटलं, चांगलं भरा. शेजारच्या गोदूचा फिल्टर बंद होता, तर तिची बाटली मीच भरून दिली."

मीनलला हसावं की डोकं आपटावं, कळेना. साहेबांचा मात्र पारा चढला. शिकल्यासवरल्या लोकांच्या घरी हा पोरखेळ, असं त्यांनी बरंच ऐकवलं. शहराच्या दुसऱ्या भागातल्या, शंकर नगरच्या बाटल्यांपैकी एक त्यांच्या स्वतःच्या घरून आली होती. काम कसं करतात ते या दोघींना कळावं, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

"हो, भरली ना मी," पलीकडून उत्तर आलं. "तुमच्या ऑफिसची बाटली, बोअरचं भरून तुमची इज्जत घालवू का? दुकानातून सीलबंद पाणी आणलं. अन् उकळून भरलं."

शांताबाईंनी कौतुकाने मान हलवली. "उकळायचं मले नाही सुचलं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी फोन खिशात टाकला. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी सोडली, लाल रंगावरून हात फिरवला आणि खोटं बोलल्या त्या बाटल्या, नकाशा नव्हे, असं म्हणत सही करायला पेन काढलं. बाटल्या मात्र साऱ्या शहराच्या पुन्हा भरायच्या, आणि मीनलने स्वतः उभं राहून भरायच्या, असं त्यांनी बजावलं.

"अन् मॅडम," जाताना ते दारात थांबून हळूच म्हणाले, "माझ्या घरी बाटली भरायला जाल तेव्हा तुमच्या सासूबाईंनाही सोबत न्या, बाया यांचं ऐकतात. माझी बायको माझं काही ऐकून नाही राहिली."