विनूकाकांच्या ट्रकला खोबरेल

रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, शेजारचे विनूकाका आणि त्यांचा कॉम्प्युटर. तिसऱ्याची हजेरी अर्धवेळ.

विनूकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला काढतात, हातपाय धुतात आणि मग जर्मनीत अठरा चाकी ट्रक चालवतात. वय अडुसष्ट, श्रीवर्धनात सुपारीची वाडी. प्रत्यक्षात दिघीच्या जेट्टीपलीकडे त्यांनी स्वतः गाडी नेलेली नाही. पुढे बोटीतून जावं लागतं, आणि बोट लागते म्हणतात. खेळात मात्र प्रत्येक वळणावर हॉर्न देतात आणि समोरून येणाऱ्या जर्मनाला हात करून आधी जाऊ देतात.

मी शाळेच्या ऑफिसात आहे. तिथले दहा कॉम्प्युटर सांभाळते, म्हणून आळीतलं बंद पडलेलं प्रत्येक यंत्र माझ्याकडे येतं, मिक्सरसुद्धा. काकांचा ट्रक पाच रविवार वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडत होता. निळा पडदा, इंग्रजी मजकूर, संपलं.

"सुमन, आज काहीही करून चालू कर. अकराला निघायचंय."

"काका, खेळ आहे तो."

"बरोबर जोडीदार असतो, त्याच्या घरून खेळणारा. मी मधेच नाहीसा झालो की त्याला वाटतं, रुसून गेला."

माझ्या वहीत चार संशयित होते: पंखा, वीजपुरवठा, ग्राफिक्स कार्ड, मेमरी. पहिले तीन मागच्या रविवारीच निर्दोष सुटले. आज मी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या उपसून काढल्या, आणि त्या माझ्या बोटांतून निसटल्या.

"काका, हे काय लावलंय?"

"खोबरेल. अडकित्त्याला लावतो तेच."

"कशासाठी?"

"खारी हवा आहे बाई. धातू उघडा ठेवायचा नाही. एवढं कळत नाही आणि शाळेचे दहा सांभाळतेस?"

"कधीपासून लावताय?"

"गणपतीपासून. दर शनिवारी."

मी रागवले नाही, पट्ट्या उजेडात धरल्या. रागवायलाही ताकद लागते. तेलावर सुपारीच्या सालांचा भुसा बसून काळा थर झाला होता. स्पिरिटने पुसलं, खोडरबरने घासलं, खाचा ब्रशने साफ केल्या. मग एकेक पट्टी घालून बघितली. एक चालली. दुसरी घातली की निळा पडदा. दुसरी गेलेलीच होती. एका पट्टीवर खेळ उघडला, पण संथ; झाडं उशिरा उगवत होती.

सव्वाअकरा झाले होते. काकांचा ट्रक रस्त्यावर आला. पुढे कडेला दुसरा ट्रक दिवे लुकलुकवत उभा होता. त्याच्यावर मराठीत नाव: रोठा.

रोठा ही आमच्याकडची सुपारी. जर्मनीत हे नाव कोण देणार?

"हा कोण, काका?"

"दादा. नावावरून ओळखला."

"तुमचा थोरला भाऊ? अलिबागचा?" वाडीच्या वाटणीत काका भरल्या ताटावरून उठून गेले, तेव्हापासून दोघांचं तोंड बघणं बंद आहे, हे सगळ्या आळीला ठाऊक. "तुमचं बोलणं बंद आहे ना?"

"बंदच आहे. हॉर्न वाजवतो फक्त. दोनदा म्हणजे निघू. तीनदा म्हणजे चहा."

"तुम्हीच आहात हे त्यांना माहीत आहे?"

"विचारलं नाही. तोही विचारत नाही." काका पडद्याकडेच बघत होते. "मागच्या रविवारी हा बंद पडला, तू गेलीस. तासाभराने परत लागला. तेव्हाही दादा तिथेच उभा होता. एवढा वेळ कोण थांबतं गं?"

त्यांनी दोनदा हॉर्न दिला. पुढून दोन हॉर्न आले. दोन्ही ट्रक सावकाश निघाले.

मी वही उघडली. एक: खोबरेलाची बाटली कपाटात, कुलपात. झालं. दोन: मेमरीची नवी पट्टी मागवणे. फोनवरून तिथल्या तिथे मागवली. तीन: दादांना फोन करून सांगणे, की बिघाड मशीनचा आहे, माणसाचा नाही.

"नंबर आहे का?" मी विचारलं.

"पाठ आहे."

मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.

"गाडी चालवताना बोलू नये, सुमन. आधी पट्टी येऊ दे."

पट्टी बुधवारी आली, बसवली, ट्रक आता बंद पडत नाही. माझ्या वहीत तीन नंबरसमोर अजून खूण नाही.